खातं आज डिलीट करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नाशिकच्या सिडकोत राहता, अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करता. मुलगा अकरावीत आहे आणि तीन वर्षांपासून मोबाइलवर एक गेम खेळतो. मागच्या आठवड्यात गेमच्या कंपनीचा मेल आला, की नाव, ईमेल, मोबाइल नंबर, जन्मतारीख, खरेदीचा इतिहास आणि चॅटचा काही भाग अनधिकृत व्यक्तींच्या हाती गेला असण्याची शक्यता आहे; पासवर्ड मात्र ‘सुरक्षित स्वरूपात’ होते. मुलगा म्हणतो, “पप्पा, सगळ्यांचाच गेलाय, काही होत नाही, कंपनी फ्री स्किन देणारे.” (स्किन म्हणजे गेममधल्या पात्राचा किंवा शस्त्राचा नवा पेहराव.) तुम्ही संतापून फोन काढून घेतलात आणि आता विचारताय: खातं डिलीट करू का, पोलिसांत जाऊ का, भरपाई मिळते का? शेवटी एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, की खातं उघडताना मुलाने तुमचा नंबर आणि तुमचीच जन्मतारीख टाकली होती.

ही शेवटची ओळ मी तीन वेळा वाचली. तिच्याकडे परत येते.

मी माहिती सुरक्षेच्या कामात अठरा वर्षं आहे. त्यातली पहिली बरीचशी पुण्यात, कंपन्यांच्या बाजूने गेली. डेटा फुटला की मध्यरात्री फोन वाजायचा तो आमच्या टीमचा. नाशिकला परतल्यापासून ज्यांचा डेटा फुटतो त्यांच्यासाठी काम करते, आणि त्यात निम्म्याहून जास्त घरं तुमच्यासारखीच असतात: एक चिडलेला पालक, एक निवांत मुलगा, आणि दोघांच्या मध्ये ठेवलेला एक फोन.

तर पहिलं उत्तर. खातं आज डिलीट करू नका. राग मला समजतो, पण डिलीट केल्याने गेलेली माहिती परत येत नाही. ती प्रत तुमच्या हातातून केव्हाच गेली आहे. जातो तो पुरावा. कोणत्या दिवशी कुठल्या फोनवरून लॉगिन झालं, काय खरेदी झालं, कोणते मेसेज गेले, हे सगळं त्या खात्यातच दिसतं. उद्या काही विपरीत घडलं तर तुम्हाला दाखवायला दुसरं काही नाही.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याची आयडी, म्हणजे गेममधलं खातं, अशाच एका लीकनंतर कोणीतरी बळकावली. दोन दिवसांनी ती परत मिळाली, पण बहिणीने घाबरून मला विचारायच्या आधीच खातं कायमचं मिटवलं. मधल्या दोन दिवसांत त्याच्या नावाने त्याच्या स्क्वाडमधल्या, म्हणजे गेममध्ये एकत्र खेळणाऱ्या गटातल्या, पोरांकडे पैसे मागितले गेले होते. दोघांनी दिलेही. त्यांचे आईवडील दारात आले, तेव्हा त्या दोन दिवसांत खातं आमच्या ताब्यात नव्हतं हे सिद्ध करायला लॉगिनची एकही नोंद उरली नव्हती. कंपनीचं उत्तर एका ओळीचं होतं: असं खातं अस्तित्वात नाही. शेवटी बहिणीने पैसे स्वतःच्या पर्समधून दिले. पोराच्या मनाला ते अजून लागलेलं आहे.

घाईने उलटा परिणाम कसा होतो याचं एक जगजाहीर उदाहरण आहे. २५ डिसेंबर २०१५, ऐन नाताळात, स्टीम या गेमच्या दुकानात लोकांना स्वतःच्या खात्याऐवजी दुसऱ्याचीच पानं दिसू लागली. कोणाचा पत्ता, कोणाचा ईमेल, कोणाची खरेदी. हॅकरने खाती फोडली असं सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात दुकानावर हल्ल्याची गर्दी आलेली असताना ती झेलण्यासाठी पानांच्या तात्पुरत्या प्रती ठेवण्याची जी व्यवस्था असते, तिची मांडणी चुकली होती. एकासाठी तयार झालेलं पान दुसऱ्याला वाढलं जात होतं. सुमारे ३४ हजार लोकांची माहिती अशी उघडी पडली असावी, असं स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने नंतर सांगितलं. आता नेमकी गोष्ट बघा. त्या सुमारे दीड तासात ज्यांनी आपलं खात्याचं किंवा पैसे भरण्याचं पान उघडलंच नाही, त्यांची माहिती कोणाला दिसू शकत नव्हती. म्हणजे बातमी ऐकून कार्ड काढून टाकायला जो धावत आत गेला, त्याने स्वतःचंच पान धोक्यात घातलं. प्रत्येक लीक असा नसतो, तुमचाही नाही. पण काय फुटलंय आणि कसं फुटलंय हे कळायच्या आधी हात चालवायचे नाहीत, हे मी त्या प्रकारानंतर प्रत्येकाला सांगते.

म्हणून काय गेलंय ते एका कागदावर लिहा आणि त्याचे दोन भाग करा: बदलता येतं ते आणि बदलता येत नाही ते. पासवर्ड बदलता येतो. ईमेल जरा कष्टाने बदलता येतो. मोबाइल नंबर बँकेला, गॅसला, आधारला, रेशनला जोडलेला असतो, त्यामुळे तो म्हणायला बदलता येतो, प्रत्यक्षात कोणी बदलत नाही. जन्मतारीख आणि बोलून गेलेलं चॅट कधीच बदलत नाही. लोक सगळी शक्ती पासवर्डवर लावतात, पासवर्ड बदलला की सुटलो म्हणतात. खरी काळजी उरलेल्या गोष्टींची घ्यायची असते.

पासवर्डचं काम अर्थातच आधी उरका, कारण ते आज रात्रीच होण्यासारखं आहे. मेलमधला ‘सुरक्षित स्वरूपात’ हा शब्द मला कधीच पुरेसा वाटत नाही, म्हणून त्याचा अर्थ सांगते. कंपनी पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा हॅश ठेवते. आपल्या भाषेत, द्राक्षाचा बेदाणा करून ठेवते. बेदाण्याचं परत द्राक्ष होत नाही, हे खरं. पण चोर ते करायला बसतच नाही. तो बाजारातल्या सगळ्या जातींची द्राक्षं आणतो, त्यांचे बेदाणे करतो आणि चोरलेल्या बेदाण्याशेजारी ठेवून जुळतात का बघतो. पासवर्ड जितका नेहमीचा, तितका लवकर जुळतो. आपल्याकडे नेहमीचा म्हणजे काय, तर देवाचं नाव आणि १२३, मुलाचं नाव आणि जन्मवर्ष, नाहीतर एमएच १५ आणि पुढे गाडीचा नंबर. हे मी नाशिकमध्ये इतक्या वेळा पाहिलंय, की फाईल उघडायच्या आधी मला अंदाज येतो. बेदाणा करायची पद्धत किती सावकाश आहे यावरही बरंच अवलंबून असतं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये झिंगा या गेम कंपनीच्या १७ कोटींहून अधिक खात्यांची माहिती चोरीला गेली. तिथे पासवर्डचे हॅश होते, पण पद्धत जुनी आणि वेगवान होती, म्हणजे चोराला सेकंदाला प्रचंड संख्येने अंदाज करून बघता येतात. बीक्रिप्टसारखी पद्धत मुद्दाम सावकाश बनवलेली असते. तुमच्या कंपनीने कोणती वापरली, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. विचारा.

एकदा पासवर्ड जुळला की तो त्या गेमवर वापरत नाहीत. तोच ईमेल आणि तोच पासवर्ड जीमेलवर, इन्स्टाग्रामवर, खरेदीच्या अ‍ॅपवर यंत्राने लावून बघतात. यासाठी क्रम महत्त्वाचा आहे. आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग गेमचा. ईमेल ही घराची किल्ली आहे. बाकी प्रत्येक पासवर्ड ‘विसरलो’ म्हटल्यावर तिथेच येतो. ईमेलला दुहेरी पडताळणी लावा आणि जमलं तर एसएमएसऐवजी फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपवरची घ्या, कारण फुटलेल्या माहितीत तुमचा नंबर आहे. मग गेममध्ये जाऊन सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. मुलगा गेममध्ये गूगलने लॉगिन करत असेल तर कंपनीकडे पासवर्ड नव्हताच, तेवढी चिंता कमी. तरी गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर कोणकोणत्या अ‍ॅपला परवानगी दिली आहे ती यादी दोघांनी बसून वाचा. तीन वर्षांत साठलेली नावं बघून तुम्ही दोघंही चकित व्हाल.

हे सगळं अ‍ॅप उघडून करायचं. मेलमधल्या लिंकवर बोट ठेवायचं नाही. मेल खरा असेलही. पण खऱ्या मेलपाठोपाठ चार-सहा दिवसांत हुबेहूब खोटे मेल सुटतात, आणि तेव्हा माणूस घाबरलेला असतो म्हणून दाबतो.

कार्डाबद्दल तुम्ही फार घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या व्यवहारांसाठी दुकानदाराला किंवा अ‍ॅपला कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्डाच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक, ठेवावं लागतं. प्ले स्टोअरमधून यूसी किंवा डायमंड (गेममधलं आभासी चलन) घेतले असतील तर पैशाचा व्यवहार गूगलकडे झाला, गेमकडे नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी मात्र उघडून बघा. तिथे विसरलेली मंजुरी सापडते.

आता ती शेवटची ओळ. तुम्ही लिहिलंय, मुलाचा डेटा फुटला. तुमच्याच वर्णनावरून बघितलं तर फुटलाय तो तुमचा. नंबर तुमचा, जन्मतारीख तुमची, आडनाव एकच. हा नंबर बँकेत आहे, आणि फोनवरून बँक ओळख पटवते तेव्हा जन्मतारीखच विचारते. चोराच्या यादीत तुम्ही ‘गेम खेळणारा, चाळिशीतला, गेममध्ये नियमित पैसे घालणारा माणूस’ असे दिसता. पोराच्या खेळण्यातली गोष्ट समजून तुम्ही ती बाजूला ठेवाल, आणि फोन तुम्हालाच येईल.

फोन कसा येतो तेही सांगते, म्हणजे आला की ओळखाल. बोलणारा तुमचं नाव घेतो, मुलाचं गेममधलं टोपणनाव घेतो, मागच्या दिवाळीत केलेली खरेदी रुपयांसकट सांगतो. हे तिन्ही एकत्र ऐकलं की कोणालाही तो कंपनीचाच माणूस वाटतो. मग म्हणतो, झाल्या प्रकाराबद्दल भरपाई जमा करायची आहे, ओटीपी सांगा. किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाईल पाठवतो, ही उघडा म्हणजे स्किन मिळेल. ती एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणारी, फाईल असते, आणि ती बसवली की तुमचे एसएमएस त्याला दिसू लागतात. काही जण स्क्रीन शेअर करायला लावतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, भरपाईला ओटीपी लागत नाही, आणि कंपनीची स्किन अ‍ॅपच्या आतच येते. एवढं घरातल्या सगळ्यांना सांगा, आजी-आजोबांनाही. फोनची रेंज अचानक तासन्‌तास गेली आणि शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या सिमला रेंज असेल, तर तुमच्या नंबरचं दुसरं सिम कोणी काढलेलं असू शकतं. तेव्हा दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला आणि बँकेला फोन करा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे संचार साथीच्या संकेतस्थळावर बघता येतं. तेही या रविवारी बघून टाका.

चॅटबद्दल तुम्ही एका शब्दानेही विचारलेलं नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. सोळा वर्षांचं पोर रात्री अकराला स्क्वाडमध्ये काय बोलतं? क्लासचं नाव, कोणत्या बसने येतो, घरी कोण नाही, कोणती मुलगी आवडते, बापाने काल काय बोलून दाखवलं. हे सगळं त्याने मित्राला सांगितलेलं असतं. ते परक्याच्या हातात पडलं की त्याचा धाक दाखवता येतो.

कॉलेज रोडच्या एका क्लासला जाणारी मुलगी माझ्याकडे आली होती. ती गेममध्ये मुलाच्या नावाने खेळायची, कारण मुलगी म्हटलं की काय ऐकावं लागतं ते तिला ठाऊक होतं. लीकनंतर तिचं खरं नाव आणि नंबर स्क्वाडमधल्या एकाच्या हाती लागले. आधी चेष्टा, मग फोन, मग ‘फोटो पाठव नाहीतर तुझ्या घरी चॅट पाठवतो’. हे पाच आठवडे चाललं. पाच आठवडे ती घरात गप्प होती. का, असं विचारलं तेव्हा म्हणाली, “सांगितलं असतं तर आधी माझा फोन गेला असता.” तिचे वडील शेजारी बसले होते. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. चांगला माणूस होता; त्याने तिच्या भावाचा फोन असाच एकदा काढून घेतला होता, एवढंच.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, मुलाचा फोन परत द्या. लीक कंपनीत झाला, त्याच्या हातून नाही. त्याला शिक्षा झाली की तो एकच गोष्ट शिकेल, की पुढच्या वेळी पप्पांना सांगायचं नाही. आणि पुढची वेळ जास्त गंभीर असू शकते.

“सगळ्यांचाच गेलाय, काही होत नाही” हे त्याचं म्हणणं बेफिकिरीचं वाटतं, पण त्याच्या जागी उभं राहून बघा. त्या आयडीत त्याची तीन वर्षं आहेत. रँक आहे, मित्र आहेत, कदाचित वर्गात न मिळालेला मान आहे. ती जाईल या भीतीने तो ‘काही होत नाही’ म्हणतोय. त्याच्या पिढीने आणखी एक गोष्ट पाहिली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल बंद झाला, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर, आणि दोन्ही वेळी सरकारने कारणं दिली त्यात भारतीयांच्या माहितीची सुरक्षा होती. पोरांनी त्यातून काय घेतलं? खेळ एका रात्रीत जाऊ शकतो, हे. माहितीचं कोणी त्यांच्याशी बसून बोललंच नाही. उलट बरीच पोरं कुठूनतरी एपीके आणून, व्हीपीएन (आपण कुठून जोडलोय ते लपवणारी सोय) लावून खेळत राहिली आणि जास्त उघडी पडली.

लोकांच्या प्रतिक्रियेचं मोल काय, याची दोन उदाहरणं त्याला सांगा. त्याच्याच जगातली आहेत, तो ऐकेल. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमधून सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती गेली. नेटवर्क २० एप्रिलला बंद केलं, वैयक्तिक माहिती गेल्याचं लोकांना २६ एप्रिलला सांगितलं. जगभर संताप झाला, आणि त्यात सर्वांत धारदार प्रश्न होता, की मधले सहा दिवस आम्हाला का कळवलं नाही? मे महिन्याच्या मध्यापासून सेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाली, कंपनीने काही गेम फुकट दिले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी मात्र विषय सोडला नाही. जानेवारी २०१३ मध्ये अडीच लाख पौंडांचा दंड केला आणि सॉफ्टवेअर अद्ययावत असतं तर हे टाळता आलं असतं, असं स्पष्ट म्हटलं. दुसरं उदाहरण जुलै २०१० चं. ब्लिझार्ड या गेम कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या चर्चामंचावर खेळाडूंनी खऱ्या नावानेच लिहायचं. खेळाडू पेटून उठले, पण त्यांची मागणी एकच आणि नेमकी होती: आमचं खरं नाव दाखवू नका. तीन दिवसांत कंपनीने निर्णय मागे घेतला. तीन दिवसांत! तुमच्या मुलाच्या क्लॅनमध्ये, म्हणजे गेममधल्या मोठ्या गटात, पन्नास पोरं असतील. पन्नास जणांनी गेममध्ये शिव्या लिहिल्या तर त्या रात्रीत पुसल्या जातात. पन्नास जणांनी एकच प्रश्न तक्रार अधिकाऱ्याला लिहिला तर तिथे कोणाला तरी उत्तर तयार करावं लागतं. मी त्या बाजूला बसलेली आहे, मला माहीत आहे.

तर पत्र लिहा, आणि ते मुलाकडून लिहून घ्या. गेमच्या गोपनीयता धोरणात तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो. भाषा साधी ठेवा. माझ्या खात्यातली नेमकी कोणती माहिती गेली? चॅट कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचं गेलं? तुम्हाला कधी कळलं आणि मला कधी कळवलं? पासवर्ड कोणत्या पद्धतीने हॅश केले होते? सर्ट-इनला घटना कळवली का, केव्हा? हा शेवटचा प्रश्न गाळू नका. सर्ट-इन ही सायबर घटनांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था आहे. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणं बंधनकारक आहे, आणि हे ग्राहकाला ठाऊक आहे असं दिसलं की उत्तराची तऱ्हा बदलते. खेळणारा अल्पवयीन आहे आणि जन्मतारीख पालकाची टाकली गेली होती, हेही प्रामाणिकपणे लिहा. ते लपवलं तर कंपनी म्हणेल, आमच्या दप्तरी हे प्रौढाचं खातं आहे, मुलांसाठीचं संरक्षण मागू नका. पाठवण्याआधी मूळ मेल, खरेदीच्या पावत्या, लॉगिनची नोंद आणि जोडलेल्या उपकरणांची यादी यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. २०११ च्या माहिती सुरक्षेच्या नियमांत तक्रारीवर एक महिन्यात तोडगा काढायचा आहे. कॅलेंडरवर खूण करा.

भरपाईबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. आयटी कायद्याचं कलम ४३अ कंपनीच्या निष्काळजीपणाने नुकसान झालं तर भरपाई देतं, पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे, म्हणजे मंत्रालयात माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढे चालतो. पण ते कलम ‘संवेदनशील’ माहितीपुरतं आहे. त्या यादीत पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक आहे. नाव, नंबर, जन्मतारीख, चॅट नाही. शिवाय नुकसान दाखवावं लागतं. तुमचं आज तरी आर्थिक नुकसान झालेलं नाही. नवा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी नियमांत १८ महिन्यांची मुदत ठेवली, म्हणजे मे २०२७. त्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत, आणि लीक झाला की प्रत्येक बाधित माणसाला विनाविलंब कळवावं लागेल. सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत. पण तो दंड सरकारच्या तिजोरीत जातो, तुमच्या हातात नाही. आणि त्याच कायद्याने ४३अ हे कलम रद्द होणार आहे. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. ज्याची माहिती गेली त्याला काहीच नाही, ही उणीव आपण बोलून दाखवत राहिली पाहिजे.

फ्री स्किन मुलाला घेऊ द्या. फक्त ती अ‍ॅपच्या आत घ्यायची, आणि ‘यापुढे माझी तक्रार नाही’ अशा अर्थाचं काही मान्य करायला सांगत असतील तर आधी वाचायचं.

पोलिसांचं. पैसे गेलेले नाहीत, धमकी आलेली नाही, तर धावपळ नको. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करून पावती जपून ठेवा. पण पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन. नातेवाइकांना विचारत बसायचं नाही, बँक उघडायची वाट बघायची नाही. पैसा पहिल्या खात्यातून दुसऱ्यात जायच्या आत गोठवायचा असतो. धमकी किंवा छळ असेल तर थेट सायबर पोलीस ठाणं गाठा. तुम्ही सिडकोत म्हणजे शहर आयुक्तालयाच्या हद्दीत. निफाड, पिंपळगावकडच्यांसाठी ग्रामीण पोलिसांचं वेगळं ठाणं आहे. हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायची तरतूद १ जुलै २०२४ पासून कायद्यातच आहे, ते शांतपणे सांगा. आयटी कायद्यात ओळख चोरून वापरणं म्हणजे कलम ६६सी, सोंग घेऊन फसवणं ६६डी. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

एक गोष्ट मुलाला एकट्याला, रागावल्याशिवाय विचारा: ही आयडी त्याने कधी कोणाला विकली, भाड्याने दिली किंवा कोणाकडून घेतली आहे का? इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर आयडींचा मोठा बाजार चालतो, आणि चांगल्या घरातली पोरं त्यात असतात. आयडी दुसऱ्याच्या हाती असून नंबर तुमचा असेल, तर वर सांगितलेलं सगळं आजच करा आणि पत्रात ते लिहा. आणि तुम्ही स्वतः किंवा घरातल्या कोणी पैशाच्या गेममध्ये आधार, पॅन देऊन केवायसी केलं असेल तर तेही आठवा. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने ते गेम बंद झाले, पण कागदपत्रं दिली ती दिलीच. त्या कंपन्यांनाही माहिती पुसण्याची विनंती लेखी पाठवा.

महिना झाला की उत्तर आलेलं असो वा नसो, त्या दिवशी दोघं बसा आणि खात्याचं ठरवा. ठेवायचं असेल तर नंबर काढून त्याचा स्वतंत्र ईमेल घाला, जन्मतारीख खरी करून घ्या, जुनं चॅट पुसा, अनोळखी मित्र काढा. मिटवायचं असेल तर फक्त अ‍ॅप काढून भागत नाही. खातं आणि सगळा डेटा पुसा अशी लेखी मागणी करा आणि पुसल्याचं लेखी उत्तर घ्या. दोन्हीपैकी काय करायचं हे मी सांगणार नाही, तुम्हीही एकट्याने ठरवू नका. आज रात्री शिफ्टवरून आलात की फोन त्याच्या हातात द्या आणि म्हणा, चल, आधी ईमेलचा पासवर्ड बदलू, तू टाईप कर, मी बघत नाही.